शेवटच्या डॉटनंतर

महाडच्या एसटी डेपोसमोर तसनीमचं सायबर कॅफे होतं. २००६च्या मे महिन्यात, दुपारी साडेतीनला, तुडीलचे रऊफचाचा आणि त्यांची नर्स मुलगी उझ्मा घाईघाईनं आत आले. कुवेतच्या आरोग्य खात्यात उझ्माची निवड झाल्याचा ईमेल आला होता. मूळ पासपोर्ट आजच दिल्लीच्या पत्त्यावर पाठवा, नाहीतर जागा जाईल, असं त्यात होतं. पाकीट तयार होतं, फक्त पत्राची प्रिंट हवी होती. कुरियरची गाडी पाचला सुटायची.

प्रिंट काढताना तसनीमची नजर पाठवणाऱ्याच्या पत्त्यावर गेली. नाव आरोग्य खात्याचं, पण शेवटी डॉट ओआरजी.

"चाचा, पासपोर्ट देऊ नका."

"का गो?"

"कुवेत सरकारच्या पत्त्याच्या शेवटी गव्ह डॉट केडब्ल्यू असतं. गव्ह म्हणजे सरकार, केडब्ल्यू म्हणजे कुवेत. ही जोडी फक्त तिथल्या सरकारी खात्यांना मिळते. ओआरजी कोणीही घेतं."

"ओआरजी म्हंजी मोठी संस्था ना?"

"काढलंय संस्थांसाठी, पण संस्था आहे का हे कोणी विचारत नाही. मी कॅफेचं डॉट कॉम घेतलं तेव्हाही मला कोणी काही विचारलं नाही. पण ग्रामपंचायतीसाठी गव्ह डॉट इन मागितलं, तर अधिकाऱ्याच्या सहीशिक्क्याचं पत्र आणायला लावलं."

"तुज्या शंकेपायी पोरीचं नशीब जायाचं!" चाचांनी पाकीट उचललं.

"हमजाला विचारू या, अब्बा," उझ्मा म्हणाली. तिचा चुलतभाऊ हमजा कुवेतमध्ये ड्रायव्हर होता.

शेजारच्या एसटीडी बूथवरून तीनदा फोन लावला, लागेना. चौथ्यांदा लागला तेव्हा सव्वाचार झाले होते. कुवेतमध्ये तेव्हा पावणेदोन, आरोग्य खात्याची कचेरी दोनला बंद व्हायच्या बेतात. "खात्यात विचारून सांगतो," म्हणून हमजानं फोन ठेवला.

तसनीमनं प्रिंटवरचा पत्ता पुन्हा वाचला. आपल्याकडचे सरकारी साहेबसुद्धा फुकटचे ईमेल वापरतात. तिकडेही तसंच असलं तर? चाचा दारात उभे, एक पाय रस्त्यावर. पाचला दहा कमी असताना ते निघालेच.

तेवढ्यात बूथवाल्यानं हाक मारली. उझ्मानं फोन घेतला, ऐकलं, आणि ओरडली, "अब्बा, थांबा! खात्याची अशी भरतीच नाय!"

चाचा परत आले आणि स्टुलावर बसले.

"आपा, मी कालच दवाखान्यात राजीनामा दिलाय," उझ्मा हळूच तसनीमला म्हणाली आणि रडू लागली.

तसनीमनं लगेच तिच्यासाठी राजीनामा मागे घेण्याचा अर्ज टाइप केला. दवाखान्यानं तिला परत घेतलं, पण तिची हेड नर्सची जागा गेली. दोन वर्षांनी, सरकारी परवाना असलेल्या मुंबईच्या एजंटमार्फत ती कुवेतला गेली.