भिंगारच्या कॅफेतलं उघडं फोल्डर

तुमच्या मुलीचा फोटो आणि पत्ता कुणी चौकात चिकटवला, तर तुम्ही गप्प बसाल? नव्वदच्या दशकाच्या अखेरीस भिंगारच्या सायबर कॅफेत एक मावशी रोज यायच्या. पदरानं माउस पुसून, नेमकं तेच नाव सापडावं म्हणून अवतरणचिन्हांत लेकीचं नाव टाकून इंटरनेटवर शोधायच्या. मोडेमची ती किरकिर अजून आठवते. एके दिवशी, लेकीचं नाव नोंदवलेल्या वधूवर मंडळाच्या वेबसाइटवरचं अख्खं फोल्डरच पासवर्डशिवाय उघडलं. साऱ्या मुलींचे फोटो, पत्ते समोर! ती वेबसाइट कॅफेवालाच सांभाळायचा.

"मावशी, कोण बघतंय इथं?" तो हसला.

"मी बघतीय न्हाई का? बंद कर, तवर उठत न्हाई."

त्या खरंच उठल्या नाहीत. शेवटी त्यानं फोल्डर बंद केलं.

आपल्या संस्थेच्या वेबसाइटवर कुणाची खासगी माहिती उघडी नाही ना, हे आजच असं अवतरणचिन्हांत नाव टाकून शोधून पाहा. उघडं काही दिसलं, तर बंद होईपर्यंत हटू नका.