निशाण मागं घ्या

बंदरावर सगळे त्यांना कप्तान म्हणत. तसा हा माणूस होडीत पाऊल टाकलं की पिवळा पडे. पैलतीरी बहिणीकडे जायचं तर नऊ मैलांचा वळसा घेऊन पुलावरून जाई. पण जुन्या शिडाच्या जहाजांची चित्रं काढावीत ती त्यांनीच. जिन्याखालच्या खोलीत चाळीस वर्षं त्यांचा एकच नेम होता: आधी वारा ठरवायचा, मग जहाज. कॅनव्हासच्या पाठीवर वाऱ्याचा बाण काढल्याशिवाय त्यांचा ब्रश ओला होत नसे.

बंदर कचेरीच्या मोठ्या दालनात आपलं एक चित्र लागावं, एवढीच त्यांची जन्माची आस. साठी उलटल्यावर बोलावणं आलं. चार महिने खपून त्यांनी तीन डोलकाठ्यांचं जहाज उभं केलं. पाठीमागून वारा, शिडं टम्म फुगलेली.

कचेरीचे मोठे साहेब खोलीवर बघायला आले. चष्मा चढवून म्हणाले, "कप्तान, जहाज पुढं चाललंय ना? मग निशाण पुढं कसं उडतंय? माझ्या गाडीवरचं तर मागं उडतं."

"साहेब, गाडीला इंजिन असतं. इथं वाराच जहाजाला ढकलतोय. शिडं पुढं, तर निशाणही—"

"लोक हसतील हो! निशाण मागं घ्या, सोमवारी टांगू. नाहीतर भिंतीला कॅलेंडर आहेच."

त्या दिवशी कप्तान जेवले नाहीत. बायको म्हणाली, "अहो, वीतभर चिंधी ती! फिरवा की."

"आणि वारा? तोही फिरवू?"

"मग बसा वारा खात."

दोन दिवस बसले. तिसऱ्या दिवशी उठले आणि एकेक शीड आकाशाच्या रंगाखाली बुजवलं, गुंडाळून आडव्या काठ्यांना बांधलं. जहाजामागचा फेस पुसला. नाळेवरून, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावरून, नांगराचा दोर पाण्यात सोडला. नांगरलेलं जहाज वाऱ्याकडे तोंड करून उभं राहतं. निशाण आपसूक मागं. पाठीवरचा बाणही त्यांनी खोडून उलटा काढला.

सोमवारी चित्र भिंतीवर चढलं. साहेब दोन पावलं मागं सरले. "वा! आता कसं भरधाव सुटलंय बघा!"

सगळ्या कचेरीने टाळ्या वाजवल्या. सोबत आलेल्या बायकोने कोपर मारलं. "सांगा की, उभं आहे म्हणून."

"गप गं," कप्तान पुटपुटले. मग फोटोसाठी साहेबांच्या शेजारी जाऊन उभे राहिले. अंमळ डावीकडे सरकून, नांगराचा दोर पाठीआड येईल असे.