धूर दिसला की निघायचं

प्रत्येक गॅरेजात एक डबा असतो. इंजिन उघडून परत जोडलं की चार-दोन नट उरतात. ते कुठले हे कळत नाही, फेकवतही नाहीत, म्हणून डब्यात जातात. गाडी मात्र चालते! किश्शांचंही तसंच. चांदा-गोंडपिपरी मोटारीवरची भट्टी उतरवून मी ती पेट्रोलवर आणली, तेव्हा माझ्याकडे नट उरले सहा. किस्से अजून संपले नाहीत.

ही मोटार म्हणजे लढाईतला जुना ट्रक, वर सागवानी बॉडी. लढाईत पेट्रोल मिळेना म्हणून मालकांनी मागे माणसाएवढी लोखंडी भट्टी बसवली होती. तिच्यात लाकडी कोळसा धुमसत ठेवायचा आणि त्याचा गॅस नळीने इंजिनात न्यायचा. भट्टी सांभाळायला बकाराम. पन्नाशीचा, काडीसारखा, भुवया कायम जळालेल्या. आंबेझरीच्या नाल्यावर गाडी दहा मिनिटं थांबायची. बकाराम झाकण उघडून नवा कोळसा टाकायचा आणि सागाच्या शेंड्यांवर काळा धूर चढायचा.

मागची सीट भट्टीला लागून, थंडीत भलती उबदार, पण सगळी काजळी तिथेच उडायची. एकदा गोंडपिपरीच्या पाटलांचे व्याही पांढरंशुभ्र धोतर नेसून त्याच सीटवर बसले आणि झोपले. पाटील घ्यायला आले होते. सगळे उतरले, शेवटी व्याही उतरले.

पाटलांनी त्यांनाच विचारलं, "काहो भाऊ, आमचे पाहुणे गाडीत दिसले काय?"

*

चढ आला की भट्टीचा दम संपायचा. ड्रायव्हर करीमभाई ओरडायचे, "उतरा!" आणि सगळे मुकाट उतरून ढकलायचे. फक्त सखूबाई उतरायच्या नाहीत. साठीच्या, पोरीला भेटायला दर आठवड्याला गोंडपिपरीला जायच्या.

"म्या टिकट पुरं काढलं हाय. अर्ध्या रस्त्याचं नाई काढलं."

बकाराम म्हणाला, "बसा बाई. तुमच्यासकट ढकलतो."

पंधरा जणांनी रेटून गाडी वर नेली. सगळे धापा टाकत आत आले, तर सखूबाई म्हणतात, "पाहा, चढली ना? उगाच उतरा म्हणून राह्यले होते."

*

मग लढाई संपली, पेट्रोल पुन्हा मिळायला लागलं आणि मालक नागपूरहून कार्बोरेटर घेऊन आले. लग्नाचा दागिना आणावा तसा फडक्यात गुंडाळून, मांडीवर धरून. मी फडकं सोडलं. बकाराम वाकून बघत होता.

"मिस्त्रीभाऊ, एवढुसा डबा माह्या भट्टीचं काम करन?"

"करन."

"मंग मी काय करीन?"

मी पाना शोधायला लागलो. पाना हातातच होता. मालकांनी सकाळीच मला बजावलं होतं, भट्टी निघाली की बकाराम घरी. हा माणूस रोज आपल्या डब्यातली अर्धी भाकर माझ्यासमोर ठेवायचा आणि त्याचं पोट मी माझ्या हातानं उकलायला बसलो होतो. फार वाईट वाटलं. पण मिस्त्रीला कोण विचारतो!

भट्टीचे बोल्ट गंजून बसले होते. ते सोडवताना दुसऱ्या बाजूने पाना धरून कोण उभा होता? बकारामच.

*

कार्बोरेटर बसला. मी हँडल मारलं. गाडी गप्प. पुन्हा मारलं, गप्पच. प्लग साफ केले, पेट्रोलची नळी फुंकली, नागपूरवाल्यांना शिव्या घातल्या. दोन तास गेले. मालक ओट्यावर फेऱ्या मारत होते आणि मला मनातून थोडं बरंही वाटत होतं, की नाहीच चालली तर भट्टी परत चढेल.

बकाराम कोपऱ्यात बसून पाहत होता. शेवटी उठला.

"भाऊ, कचरा जाऊ नये म्हून तुमी आतमदी चिंधीचा बोळा कोंबला होता. काढला काय?"

नव्हता काढला. काढला आणि गाडी एका फटक्यात सुरू झाली.

मी त्याला बाजूला घेतलं. "काऊन सांगितलंस रे? तुझीच नोकरी चालली ना!"

"तुमी दोन घंट्यापासून हँडल मारून राह्यले. पाहवत नव्हतं."

त्या दिवशी संध्याकाळी तो भट्टीचा चिमटा खांद्यावर टाकून दूर आपल्या गावी गेला. मला जेवण गेलं नाही.

*

पेट्रोलची पहिली खेप. नव्याची हौस म्हणून गाडी चांद्यालाच भरलेली. चढ आला, करीमभाई काही बोलले नाहीत, गाडी जरा हळू झाली इतकंच. पण सवय ती सवय. सगळे आपणहून उड्या मारून उतरले आणि ढकलायला मागे गेले. त्यांचा हात लागायच्या आत गाडी भुर्रकन वर! करीमभाई इतके खूश, की मागे वळून पाहतात कशाला.

गोंडपिपरीला दार उघडलं, तर एकट्या सखूबाई उतरल्या.

"बाई, बाकीचे कुठी गेले?" करीमभाईंनी विचारलं.

"मले काय मालूम? मी टिकट काढलं होतं."

*

पुढचे आठ दिवस गाडी घड्याळाच्या काट्यावर धावली आणि जवळजवळ रिकामी धावली. आंबेझरीला कोणी नाही, पुढच्या गावांनाही कोणी नाही. गावं रस्त्यापासून अर्धा मैल आत, मध्ये दाट झाडी. करीमभाईंनी भोंगा दाबून दाबून त्याचं रबर फाडलं. मालक माझ्यावर डाफरले, "असा कसा कार्बोरेटर बसवला?" जणू माणसं त्यातून गळत होती.

नवव्या दिवशी करीमभाई चिडले. गाडी उभी केली आणि आंबेझरीत चालत गेले. बघतात तर अकरा माणसं चावडीवर गाठोडी घेऊन तयार, माना वर करून झाडांच्या शेंड्यांकडे बघत बसलेली.

"काऊन बसले इथी?"

"गाडीची वाट पाहून राह्यलो."

"गाडी तर कवाची रस्त्यावर उभी हाय!"

"मंग धूर कुठी हाय?"

सगळ्यांचा हिशेब एकच. नाल्यावर धूर दिसला की घरातून निघायचं. दहा मिनिटांत गाडी रस्त्यावर, माणूसही रस्त्यावर. घड्याळ गावात कोणाकडे नव्हतं, लागलंही नव्हतं.

मालक गॅरेजात आले, चेहरा उतरलेला. "मिस्त्री, ती भट्टी परत चढवता येईल काय?"

"येईल. मग चढावर परत ढकला." आणि मी जीव मुठीत धरून पुढचं बोललो, "मालक, भट्टी नको. बकाराम पाहिजे."

मालक म्हणाले, "बोलवा त्याले."

त्याच्या गावी मी स्वतः गेलो. छातीवरचा दगड उतरला म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं. बकारामनं टोपी घातली. चिमटा खांद्यावर टाकला आणि निघाला.

*

दोनेक महिन्यांनी नागपूरहून मोटारी तपासणारे एक साहेब आले आणि आमच्याच गाडीत बसले. नवा कार्बोरेटर पाहून खूश झाले. नाल्यावर गाडी थांबली. मागच्या शिडीवरून बकाराम उतरला, खाकी सदऱ्यात, हातात घमेलं. वाळूत घमेलं ठेवलं, गोवऱ्या पेटवल्या, वर ओला पाला टाकला आणि टोपीनं वारा घालायला लागला.

साहेब खाली उतरले, वही काढली. "हा कोण? कंडक्टर?"

"नाई," करीमभाई म्हणाले.

"क्लीनर?"

"नाई."

"मग गाडीवर हा आहे तरी कोण?"

करीमभाईंनी बिडी शिलगावली. "साहेब, हा आमचा टाइमटेबल हाय."

साहेब वही घेऊन बकारामसमोर जाऊन उभे राहिले. बकारामनं मान वर केली नाही.

"साहेब, जरा बाजूले सरका. आंबेझरीवाले पाहून राह्यले."