सूनबाईच्या जहाजाचं फिनिशिंग

२०२२ साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो, आणि त्या साली एका अख्ख्या लढाऊ जहाजाची वाट मी एकट्यानं लावली. शत्रूची काडीचीही मदत न घेता!

जहाज समुद्रातलं नव्हे, आकाशातलं. वीतभर लांब, प्लास्टिकचं. आमची सून वृषाली पवईला ऑफिसात चांगल्या हुद्द्यावर. पण कांजूरला घरी आली की खिडकीजवळच्या टेबलावर ही अंतराळातली जहाजं रंगवत बसायची. सुट्टीला तिचे दोस्त जमायचे, काळं कापड पसरायचे, फासे टाकायचे आणि "मेलास रे!", "तुझं इंजिन गेलं, यार!" करत जहाजांची लढाई खेळायचे. (चहा आमच्या हिच्याकडून. लढाईला रसद लागतेच.) आता मुलगा-सून बंगळुरूला गेले. त्या टेबलावर हल्ली माझी औषधं असतात. ती काही लढत नाहीत.

मी शाळा चौथीत सोडली, पण भांडुपच्या गॅरेजात उभा जन्म गाड्या रंगवल्या. मी रंगवलेल्या दारात बघून गिऱ्हाईक भांग पाडायचं! आणि ही पोरगी काय करायची? नवंकोरं जहाज आधी छान करडं रंगवायची, मग स्पंजनं त्यावर गंज लावायची! काजळी फासायची! सुईनं गोळ्यांची भोकं पाडायची!

"अगं, हे काय?"

"वेदरिंग, बाबा. जहाज लढून आलंय असं वाटायला नको?"

"धुऊन आलंय असं वाटलं तर काय बिघडेल?"

ती हसायची, आणि अजून थोडा गंज लावायची.

त्या रविवारी रंगवलेल्या जहाजांची स्पर्धा होती. तिनं पहिल्यांदाच नाव दिलं होतं, आणि सगळ्यात मोठ्या जहाजावर महिनोन् महिने मान मोडून बसली होती. शुक्रवारी चपला घालता घालता ती सासूला म्हणाली, "आई, जहाजाचं फक्त फिनिशिंग राहिलंय. आज कुठला वेळ मिळायला! उद्या बघते."

फिनिशिंग! अहो, हा तर माझा शब्द! आमच्या धंद्यात फिनिशिंग म्हणजे घासणं, भोकं बुजवणं, रंग आणि चमक. म्हणजे तो गंज, ती काजळी हा सगळा कच्चा हात होता तर! (तिच्या धंद्यात फिनिशिंग म्हणजे त्याच गंजावर बिनचमकीच्या वार्निशचा एक पातळ हात. हे मला नंतर कळलं. नंतर पुष्कळच कळलं.)

मी माळ्यावरून डबे काढले.

"अहो, तिला विचारा तरी," ही म्हणाली.

"काम काय विचारून करतात? करून दाखवतात!"

पॉलिशपेपर घेतला, गंज खलास. भोकं पुट्टीनं बुजवली. काजळी मात्र हटेना, म्हणून थिनरचा बोळा फिरवला. पत्र्याला थिनर चालतो हो! प्लास्टिकला चालत नाही. बघता बघता तोफा उन्हातल्या मेणबत्तीसारख्या माना टाकायला लागल्या. सरळ करायला गेलो तर दोन हातातच आल्या! पण मी हरणारा माणूस नव्हे. वर लालभडक रंगाचे तीन हात मारले आणि जहाज वाळायला खिडकीच्या ग्रिलमध्ये ठेवलं. काय चमकत होतं! कावळा येऊन त्यात तोंड बघून गेला.

हीसुद्धा विरघळली. म्हणाली, "नवी गाडी दिसते. दृष्ट लागेल." आणि वाकलेल्या तोफेला लिंबू-मिरची बांधून मोकळी झाली.

संध्याकाळी वृषाली आली.

"अय्या, रिमोटची गाडी? कोणासाठी आणलीत, बाबा?"

"ओळख!"

"नाही बाई ओळखू येत."

"तुझं जहाज! फिनिशिंग करून टाकलं!"

तिच्या खांद्यावरची पर्स खाली आली. "बाबा... गंज?"

"काढला! कण सापडला तर नाव बदलेन."

"भोकं?"

"बुजवली."

"तोफा?"

मी पंख्याकडे बघायला लागलो.

"मी म्हटलं होतं, तिला विचारा," ही म्हणाली. अशा वेळी बायकोची स्मरणशक्ती बघावी!

वृषालीचे डोळे भरून आले. मग तिला ते लिंबू दिसलं. "आणि आई, हे काय?"

"नवी गाडी ना गं..."

पोरगी खाली बसून हसायला लागली. हसता हसता रडली, रडता रडता पुन्हा हसली. माफी मागायची आमच्या घराण्यात पद्धत नाही. म्हणून म्हटलं, "रविवारला वेळ आहे. तू परत करडं कर, गंज मी लावतो. जन्मभर काढलाय, लावायला काय लागतं?"

तिनं पुठ्ठ्याचा तुकडा आणि स्पंज माझ्या पुढ्यात टाकला. "आधी यावर दाखवा."

मी दाखवला. सरळ रेषेत, एकसारखा, कडेकडेनं. या हाताला घाण करणं ठाऊकच नाही!

"बाबा, ही पैठणीची किनार झाली! परत."

परत केला.

"आता लग्नपत्रिका झाली. उद्या कुठेतरी खरा गंज नीट बघून या. तोवर माझ्या जहाजाला हात लावायचा नाही."

(रविवारी जहाज स्पर्धेत उभं राहिलं, दोन तोफा कमी. बक्षीस दुसऱ्यालाच मिळालं. बंगळुरूच्या घरात ते आजही सगळ्यांत पुढे ठेवलंय म्हणते.)

शनिवारी सकाळी चष्मा लावून, स्टूल घेऊन मी सोसायटीच्या गेटसमोर जाऊन बसलो. सेक्रेटरी सावंत दूध घेऊन येत होते. मला बघून खूश झाले.

"वा काका! गेट रंगवायला घेताय? बरं झालं, पार सडलंय."

मी स्टुलावरून उठून दोन्ही हात पसरून गेटसमोर आडवा उभा राहिलो.

"खबरदार कोणी ब्रश लावाल तर! असला झकास गंज मला सात जन्मांत जमायचा नाही!"