उजव्या सीटची बोंब

दोह्यातल्या ओल्ड एअरपोर्ट भागातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये अशी आवई उठली होती, की बायको जाऊन वर्षही झालं नाही तोच डग्लस तुस्कानोने दुसरी ठेवली. तिसऱ्या मजल्यावरच्या मृणालिनीने बाल्कनीतून स्वतः पाहिलं म्हणे. गाडीचा उजवा दरवाजा उघडून तो कुणालातरी बसवतो, वाकून पट्टा लावून देतो, मग वळसा घालून डावीकडे स्टिअरिंगवर बसतो आणि तोंड जे सुरू होतं ते गेटबाहेर जाईपर्यंत थांबत नाही. बाई तेवढी दिसत नाही. काचाच काळ्या आहेत, ती बुरख्यासारख्या अबायात असेल, ठेंगणी असेल, अशी कारणं बाकीच्या भगिनींनी हौसेने पुरवली.

खरं इतकंच होतं, की त्या सीटवर कुणी नसायचं. डग्लस रिकाम्या सीटला पट्टा लावायचा. पण हे खरं त्या आवईपेक्षा अंगावर काटा आणणारं निघालं, म्हणून बरेच दिवस बिल्डिंगने आवईवरच भागवलं.

डग्लस मूळचा वसईचा, पापडीकडचा. एका कंत्राटदाराच्या स्टोअरमध्ये वीसेक वर्षं नोकरी, पण ती पोटापुरती. जीव सगळा गाड्यांत. लिफ्टमध्ये नुसतं "कसे आहात?" विचारलं तरी तळमजल्यापर्यंत उत्तर गाड्यांचंच.

"अमेरिकन मॉडेल घेऊ नका हो! गाडी नाही ती, सोफा आहे. कप ठेवायला ढीगभर खाचा आणि काटा मैलांत. युरोपचं मॉडेल म्हणजे लाडावलेली लेक, इथल्या ऑगस्टात तिला घेरी येते. जपानी लोक लबाड, चांगलं ते घरी ठेवतात. आणि आपलं इंडियन? मागची सीट बघा काय ऐसपैस! कारण आपल्याकडे मालक मागे बसतो. घ्यायची तर जीसीसी. आखातासाठीच बनवलेली. रेडिएटर दांडगा, एसी म्हणजे बर्फ!"

जपानमध्ये फिट नावाने विकतात ती गाडी म्हणजे आपलीच जॅझ, हे तो एखाद्याचं लग्नाआधीचं लफडं सांगावं तसं आवाज खाली आणून सांगायचा. पजेरो ही स्पॅनिशमध्ये शिवी, म्हणून त्या गाडीचं नाव अमेरिकेत माँटेरो ठेवलं, हे मात्र बायका बाजूला गेल्याशिवाय तोंडातून काढायचा नाही.

हे सगळं सर्वांत जास्त ऐकलं रोझमेरीने, त्याच्या बायकोने. ती एका हॉस्पिटलात रिसेप्शनला होती. तिला सोडायला नि आणायला डग्लसच जायचा. उजव्या सीटवर बसून ती "हं" म्हणायची. एका "हं"मध्ये अख्खी जर्मनी गुंडाळून ठेवायची बाई! भांडण काय ते पट्ट्यावरून. ती पट्टा लावायची नाही आणि डग्लसची दुधी रंगाची जीसीसी गाडी टुंग टुंग करत बोंब ठोकायची.

"रोझ, बेल्ट."

"वसईतली आपली गाडी बरी. गप्प बसते बिचारी."

"ते जुनं इंडियन मॉडेल आहे. जीसीसीत ऐकावं लागतं."

"नवरा पण जीसीसीच मिळालाय मला."

मग एक दिवस बोंब थांबली. रोझमेरीच्या छातीवरून पट्टा आडवा दिसू लागला. हा विजय डग्लसने मजल्यामजल्यावर मिरवला. "बघा, चांगलं मॉडेल माणसाला वळण लावतं!"

त्यानंतर वर्षभराने तिच्या छातीत गाठ निघाली. उशिरा निघाली. पापडीला तिला माती देऊन डग्लस आणि त्याची मुलगी जेनिफर दोह्याला परतले आणि पहिल्याच शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, चर्चमध्ये मिस्साला निघाले. जेनिफर सवयीने मागे बसली होती. हॉस्पिटलच्या वळणाशी उजव्या रिकाम्या सीटने बोंब मारली. टुंग, टुंग, टुंग.

"हवा दमट आहे, सेन्सरला ओल लागली असेल," डग्लस म्हणाला.

हवा कोरडी झाली तरी वाजतच राहिली. मग धूळ असेल म्हणून सीट घासून घेतली. वाजली. अमुक देशाच्या मॉडेलला ही खोड असते, तमुक देशाच्याला नसते, असं तो सांगत राहिला, पण सांगताना डोळे त्या सीटकडे जायचे. पट्टा लावला की गप्प व्हायची, म्हणून निघण्याआधीच लावू लागला. एकदा पट्टा लावलेला असतानाच तिने बोंब ठोकली. डग्लसच्या तोंडून जुन्या सवयीने निघून गेलं, "रोझ, बस की आता." आणि गाडी गप्प. तेव्हापासून तो बोलू लागला. न बोलता त्या सीटशेजारी बसणं त्याला जमेना.

जेनिफर मुऐदरच्या एका शाळेत शिकवते. जन्म इथला, त्यामुळे मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत. "डॅडी, आय कान्ट सिट इन धिस कार," ती म्हणाली आणि टॅक्सीने जाऊ लागली. मिस्साला बापलेक वेगवेगळ्या दारांनी आत यायचे. बायकोला देवाने नेलं, पण मुलीला ही गाडी नेत होती. सीटखालची एक वायर तोडली की काम खलास, हे डग्लसला माहीत नसेल? पण वायर तोडायची म्हणजे रोझमेरीला हाताला धरून रस्त्यात उतरवायचं, असंच त्याला वाटायचं. ख्रिसमसच्या आधी जेनिफरने चर्चच्या आवारात त्याच्याकडे पाहून न पाहिल्यासारखं केलं, तेव्हा मात्र त्याने मनाचा हिय्या केला.

सनायात, म्हणजे इंडस्ट्रियल एरियात, रत्नागिरीचा इब्राहीम गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. डग्लसचा जुना दोस्त. डग्लसने बोलावलं म्हणून जेनिफर टॅक्सीने आली आणि गॅरेजच्या शटरपाशी हाताची घडी घालून उभी राहिली.

"ह्या सीटची वायर तोड," डग्लस म्हणाला.

इब्राहीमने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग सीटखाली हात घातला. बराच वेळ तो वर आलाच नाही.

"डग्लसभाय, काय तोडू? ही तुटलेलीच आहे. मीच तोडलीय."

"कधी?"

"भाबींनी सांगितलेलं. गाडी सर्व्हिसला आलेली, तुम्ही बाहेर कुणाला तरी अमेरिकन मॉडेल समजावत होता." त्याने टेप गुंडाळलेलं टोक बाहेर ओढून दाखवलं. "पट्टा टोचतो म्हणाल्या. इथं." त्याचा हात स्वतःच्या छातीवर गेला आणि त्याने तो लाजून मागे घेतला. "म्हणाल्या, ह्यांना बोलू नको, लगेच कुठल्या देशाचा बेल्ट मऊ असतो ते सांगत बसतील. मी नुसता ओढून हातात धरीन, रस्त्यावरच्या रडार कॅमेऱ्याला आणि नवऱ्याला दिसण्यापुरता."

डग्लस बोनेटला टेकला. म्हणजे तो विजय मिरवत होता तेव्हा तिला दुखत होतं. शेजारी, वीतभर अंतरावर.

"मग आता वाजतं काय?" इब्राहीम पुटपुटला.

जेनिफर शटरपासून चालत आली. तिने उजवा दरवाजा उघडला, आईच्या सीटवर बसली आणि पट्टा तसाच लोंबू दिला. चावी चालू होती. टुंग, टुंग, टुंग. वायरचं टोक इब्राहीमच्या हातात आणि गाडीची बोंब चालू. तो "या अल्ला" म्हणत दोन पावलं मागे सरला. जेनिफरच्या गालांवरून पाणी वाहत होतं, पण ती उतरली नाही. डग्लसने डावीकडचा दरवाजा उघडला आणि तिच्या शेजारी जाऊन बसला.

"डग्लसभाय, बझरच उपटून काढतो!" इब्राहीम त्या आवाजावर ओरडला. "खलास करू?"

"राहू दे," डग्लस म्हणाला. "इतकी वर्षं ह्या गाडीत मी एकटाच बोलत होतो. आता तिला बोलू दे."