चिखलातली निलगिरी

मुलीला सर्दी झाली म्हणून काल वाफेच्या पाण्यात आईकडची निलगिरीची पानं टाकली. वास दरवळला आणि मी थेट नव्वदच्या दशकातल्या बेळ्ळंदूरच्या चिखलात पोचले.

बेळगाव सोडून आल्यावर बाबांनी तिथं तळ्याकाठी प्लॉट घेतला होता. जमीन कायम ओली. तिथं लावलेली पहिली निलगिरी मुळं कुजून मेली, तेव्हा आई म्हणाली, "विका हा प्लॉट. बेळगावला परत जाऊ."

बाबा हिरिरीनं दुसरं रोप घेऊन आले. "ही दलदलीत वाढणारी निलगिरी. पान रुंद आहे बघ. मोठी झाली की हिची साल इतर निलगिरीसारखी सुटत नाही, दाबली तर स्पंजासारखी मऊ लागते."

आईनं पान चुरगळून हुंगलं, पदर खोचला आणि खड्ड्यापाशी गेली. तिथंच तिचा पाय रुतला. ओढायला गेलेले बाबाही रुतले. शेजारचे गौडा कानडीत ओरडले, "अण्णा, झाड लावताय की अक्काला?"

आई चिखलात बसून हसत सुटली. तिला इतकं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

हल्ली बिल्डर प्लॉट मागायला येतात. आई त्यांना त्याच निलगिरीपाशी नेते आणि म्हणते, "साल दाबून बघा, किती मऊ आहे!"

विक्रीचं बोलणं ती तिथंच संपवते.