गाडीला वाळ्याची ताटी

अकोल्याला मावशी वारली. आईची एकुलती एक बहीण. "चारपर्यंत थांबतो, त्याच्यावर या उन्हात जमणार नाही," असा मावसभावाचा फोन आला आणि मी, आई, बाबा लगेच अमरावतीहून निघालो. गाडी मी चालवत होते. बहिणीचं तोंड एकदा पाहायला मिळावं, आईला एवढंच पाहिजे होतं.

मूर्तिजापूरच्या अलीकडे रस्त्याचं काम. ट्रकांची रांग हलेना. इंजिनच्या तापमानाचा काटा बघता बघता लाल रेघेला टेकला, बॉनेटमधून वाफ निघाली, तशी मी गाडी कडेला घेतली.

गाडी पळते तोवर समोरून वारा येतो आणि रेडिएटरमधलं पाणी निवतं. गाडी थांबली की वारा बंद. मग फॅन पुढच्या जाळीतून हवा आत ओढतो, एवढंच त्याचं काम. बॉनेट उघडलं, तर आमचा फॅन जिवाच्या आकांतानं फिरत होता. मग गाडी तापली कशी? वाकून पाहिलं आणि डोकंच सटकलं. रेडिएटरसमोर वाळ्याची ताटी, घरच्या कूलरची! दुहेरी घडी करून सुतळीनं आवळलेली, वाळून कडक, त्यात धूळ गच्च बसलेली. हवा येणार कुठून, कपाळातून?

"हे कोनं केलं?" उत्तर माहीत असून विचारलं.

"मीनंच," बाबा म्हणाले. "निघतानी ओली करून लावली. कूलरले लागते, मंग गाडीले काहून नाही? तुह्या आईले ऊन सोसत नाही ना."

"बाबा, तुमाले काही सुदरते का?" मी रस्त्यातच ओरडले. ते मान खाली घालून सुतळी सोडत राहिले, बोटं भाजत होती तरी. मला आणखीच संताप आला, पण संतापून करणार काय?

ताटी निघाली, पण पाणी उकळून अर्धं गेलेलं. भरावं तर झाकण उघडता येईना. उघडलं की उकळतं पाणी तोंडावर. इंजिन निवेपर्यंत थांबणं आलं. दुसऱ्या गाडीला हात दाखवावा, तर सगळीच रांग अडकलेली. जीव नुसता तडफडत होता.

चार वाजून गेल्यावर मावसभावाचा फोन आला. आईनं तो माझ्या हातून घेतला.

"मावशी, व्हिडिओवर दाखवू का आईचं तोंड?" त्यानं विचारलं.

"नाही रे, तसं नाही पाहत मी," आई म्हणाली. "न्या तिले. लय ऊन आहे, तिले तसंच ठेवू नका."

फोन मला देऊन ती कडेच्या बाभळीखाली जाऊन बसली. बाबा उन्हातच उभे होते. थोड्या वेळानं तीच त्यांना म्हणाली, "तुमी बी सावलीत या."